ॲव्हरेजवर एक डोळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढ ओढत असते, तेव्हा स्टिअरिंगमागच्या मीटरमध्ये इंधनाचा चालू आकडा ७-८ च्या आसपास रेंगाळतो. माथा ओलांडला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की तोच आकडा एका झटक्यात ९९.९ वर जाऊन बसतो. खाली सुरूर फाट्याला चहासाठी गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं, तर तिथे शून्य. एकाच गाडीचं ॲव्हरेज पाव तासात आठ, शंभर आणि शून्य! तिन्ही आकडे बरोबर आहेत. त्या-त्या क्षणी चालकाच्या उपयोगी पडेल असा त्यातला एकही नाही, आणि तरीही नजर तिकडे जातेच.

आपल्याकडे ती जायला कारणही आहे. नव्या गाडीचा पेढा तोंडात जायच्या आधी ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न येतो. मारुतीने याच प्रश्नावर ‘कितना देती है’ ही जाहिरातमालिका बेतली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. पूर्वी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर टाकी फुल करायची, किलोमीटर टिपायचे आणि पुन्हा टाकी फुल करेपर्यंत दम धरायचा. आता उत्तर दर सेकंदाला समोर हजर असतं. गाडी किती पेट्रोल पिते हे मालकाला कळायलाच हवं. ते गाडी चालवता चालवता, दर सेकंदाला कळायला हवं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुळात हा आकडा येतो कुठून? टाकीतल्या पातळीवरून तो काढत नाहीत. वळणावर आणि चढावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळत असतं, त्यावर सेकंदाचा हिशोब बसणार कसा? इंजिनला किती पेट्रोल द्यायचं हे त्याचा संगणकच ठरवतो. कोणता इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा, हा हुकूम त्याचाच, त्यामुळे किती पेट्रोल आत गेलं याचा हिशोब त्याच्याकडे तयारच असतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चारही इंजेक्टर मिळून मिनिटाला ४,००० फवारे मारतात. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने आणि लिटरला १५ या हिशोबाने चालली असेल, तर एका फवाऱ्यात जेमतेम ०.०१७ मिलिलिटर पेट्रोल जातं, म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. तेवढ्या वेळात कापलेल्या अंतराला या पेट्रोलने भागलं की आकडा तयार होतो.

उतारावर गिअर टाकलेला असताना पाय उचलला की आजची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. मग भागाकार शून्याने करायची वेळ येते, म्हणून मीटर ९९.९ वर थांबतं. काही गाड्यांत पट्टी त्याआधीच, ३० किंवा ५० ला संपते. चालकाला मात्र वाटतं, आपण काहीतरी कमावलं. आता हिशोब करून पाहू. समजा, १० किलोमीटर चढ लिटरला ८ या दराने चढलात. पेट्रोल लागलं सव्वा लिटर. पुढच्या १० किलोमीटर उतारावर एक थेंबही लागला नाही असं धरू. वीस किलोमीटरला सव्वा लिटर, म्हणजे ॲव्हरेज १६. आठ आणि शंभर यांच्या मधोमध येणारे ५४ कुठेच नाहीत. उतारावरचा तो झगमगता आकडा एकूण हिशोबात दिसतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

हा घोळ एककाचाच आहे. युरोपातल्या गाड्या ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात. गाडी उभी राहिली की मीटर आपणहून ‘तासाला किती लिटर’ दाखवू लागतं. त्यात खर्च सरळ दिसतो. आपलं ‘लिटरला किती किलोमीटर’ हे उलटं माप आहे आणि ते डोळ्यांना फसवतं. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच मुद्दा अमेरिकेतल्या मैल-गॅलनच्या हिशोबात मांडला. आपल्या मापात सांगायचं तर एका मोठ्या एसयूव्हीचं ॲव्हरेज १० वरून १२ झालं आणि एका छोट्या गाडीचं २० वरून २५ झालं, तर जास्त बचत कुणाची? बहुतेक जण छोट्या गाडीचं नाव घेतील. हजार किलोमीटरमागे एसयूव्हीचे जवळजवळ १७ लिटर वाचले आणि छोट्या गाडीचे १०. चालत्या गाडीत डिस्प्लेकडे टाकलेल्या ओझरत्या नजरेत हे गणित सुटणं अशक्य आहे.

चालकाला इंधनाचा खर्च दाखवण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर तिथे वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली आणि गाड्यांत निर्वात मापणारे काटे मिरवू लागले. इंजिनमध्ये हवा जाते त्या नळीतलं निर्वात ॲक्सिलरेटर दाबला की कमी होतं, सोडला की वाढतं. त्यालाच काटा जोडायचा आणि हिरवा-तांबडा पट्टा रंगवायचा, झालं इकॉनॉमीटर. त्याच काळात क्रायसलरने ‘फ्युएल पेसर’ नावाची सोय काढली. चालकाने पाय जास्त दाबला की डाव्या फेंडरवर, म्हणजे बॉनेटच्या पुढच्या टोकाला असलेला वळणदर्शक दिवा पेटायचा. डोळे खाली न नेता, रस्त्याकडे पाहत असतानाच तो दिसायचा. इतकी साधी आणि शहाणी मांडणी पुढच्या कित्येक महागड्या गाड्यांना जमली नाही.

१९७८ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत ट्रिप कॉम्प्युटर आला आणि काट्याची जागा अंकांनी घेतली. खरा बदल केला तो टोयोटाच्या प्रियसने. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आणि अमेरिकेत २००० मध्ये आलेल्या या हायब्रिड गाडीत डॅशबोर्डच्या मधोमध एक रंगीत स्क्रीन होती. इंजिनकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे ऊर्जा कशी वाहते हे तिच्यावर बाण हलवून दाखवलं जाई, आणि दुसऱ्या पानावर दर पाच मिनिटांचा इंधनखर्च उभ्या पट्ट्यांनी. शेजारी बसलेल्यांना तो खेळच वाटायचा. चालकालाही वाटू लागला, अडचण तिथे सुरू झाली.

मग चढाओढ लागली. दुसऱ्या पिढीच्या होंडा इनसाइटमध्ये नीट गाडी चालवणाऱ्याला स्क्रीनवर रोपटं वाढताना दिसे. २०१० च्या फोर्ड फ्यूजन हायब्रिडमध्ये वेलीला हिरवी पानं फुटत आणि उधळपट्टी केली की गळत. निस्सानच्या लीफने झाडं उगवली, वर त्या भागातल्या लीफचालकांत तुमचा कितवा क्रमांक, हेही सांगायची व्यवस्था केली. याच सुमारास अमेरिकेत पेट्रोल महागलं आणि एकेका मैलासाठी झगडणाऱ्यांचा पंथच तयार झाला. वेन गर्डिस या त्यांच्यातल्या अग्रणीने त्याला ‘हायपरमायलिंग’ हे नाव दिलं. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००८ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. त्यांच्यातले अतिरेकी मोठ्या ट्रकला चिकटून गाडी चालवत, कारण ट्रकच्या मागे हवेचा रोध कमी असतो. ट्रकने ब्रेक मारला तर काय, याचं उत्तर डिस्प्लेवर नसे.

आता डोळ्यांकडे येऊ. आपल्याला बारीक अक्षर-अंक वाचता येतील इतकं स्पष्ट दिसतं ते फक्त मधल्या दोनेक अंशांत. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच भागात. बाकीच्या नजरेला हालचाल कळते, रंग-उजेड कळतो, अंक वाचता येत नाहीत. म्हणजे १४.२ आहे की १७.२ हे पाहायचं तर डोळे रस्त्यावरून खाली आणावेच लागतात. दूरवर लागलेली नजर हातभर अंतरावर आणायची, वाचायचं आणि पुन्हा दूर न्यायची. चाळिशी लागलेल्यांच्या डोळ्यांत हे आतबाहेर आणखी सावकाश होतं. गाडी तेवढ्यात थांबत नाही. ताशी ६० ला सेकंदाला पावणेसतरा मीटर, ताशी १०० ला जवळजवळ २८ मीटर ती पुढे जाते. एक्सप्रेस-वेवर दोन सेकंद नजर खाली गेली तर ५५ मीटर रस्ता न पाहता पार झाला.

दोन सेकंदांचा आकडा मी उगीच घेतलेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संस्थेने शंभर गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवून त्या वर्षभर नेहमीसारख्या चालू दिल्या. २००६ मध्ये निघालेला निष्कर्ष असा होता की नजर रस्त्यावरून एकूण दोन सेकंदांहून अधिक हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट होतो. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाड्यांतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हाच आधार दिसतो: एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत आणि एका कामाला सगळ्या मिळून १२ सेकंदांच्या आत. या सूचना बंधनकारक नाहीत.

ॲव्हरेजचा अंक वाचायला दोन सेकंद लागत नाहीत, हे मान्य. एकच नजर टाकली तर बिघडत काही नाही. आपण स्पीडोमीटर तसाच पाहतो. पण स्पीडोमीटरचा काटा वेग बदलला तरच हलतो. ॲव्हरेजचा अंक पायाच्या प्रत्येक दाबाला, प्रत्येक चढउताराला, एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला तरी बदलतो. जेवताना प्रत्येक घासागणिक वजनकाट्यावर उभं राहावं, तसं हे होतं. सतत बदलणारी गोष्ट सतत पाहावीशी वाटते, शिवाय कधीमधी २४-२५ दिसून चालकाला शाबासकीही मिळते. पट्ट्यांचे आलेख तर आणखी वाईट, कारण त्यांची तुलना करावी लागते, आणि तुलनेला वेळ लागतो. आपल्याकडच्या अपघातांच्या नोंदीत मोबाइलचा वापर वेगळा मोजतात. मीटरकडे पाहण्याला तसा रकाना नाही. आणि ‘मी ॲव्हरेज बघत होतो’ असं पोलिसांना कोण सांगेल?

नजरेहून मला जास्त काळजी वाटते ती मनाची. नजर रस्त्यावर असली तरी डोक्यात आकडा असू शकतो, आणि मग निर्णय आकड्याकडे झुकू लागतात. पिवळा दिवा लागलाय, थांबलो तर पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात, म्हणजे आकडा ६ वर. त्यापेक्षा निघून जाऊ. पुढची गाडी हळू झालीय, ब्रेक मारला तर मिळवलेला वेग वाया जाईल. अजून जरा थांबू. सगळ्यात घातक म्हणजे दुपदरी रस्त्यावरचं ओव्हरटेकिंग. समोरून येणाऱ्या गाडीच्या बाजूला जायचं तर तिथला मुक्काम शक्य तितका छोटा हवा; त्यासाठी गिअर उतरवून पाय पूर्ण दाबावा लागतो आणि मीटर ४-५ दाखवतं. त्या आकड्याला कचरून अर्ध्या पायाने ओव्हरटेक करणारा चालक समोरच्याच्या वाटेत दुप्पट वेळ राहतो. आणि वाचवतो किती? अकराशे किलोची गाडी ६० वरून ९० ला न्यायला लागणारी गतिज ऊर्जा साधारण १९० किलोज्यूल आहे. इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर पेट्रोल लागतं २४ मिलिलिटर. आजच्या भावाने अडीच रुपये.

घाटात हाच लोभ वेगळ्या वाटेने येतो. उताराला गाडी न्यूट्रल करायची, कुणी तर इंजिनच बंद करायचं, ही सवय डिस्प्लेच्या आधीपासूनची आहे आणि ट्रकचालकांत चांगलीच मुरलेली आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार त्यासाठी बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना उडवलं, तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासातून सांगितलं गेलं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ते तापले की पकड सुटते. इंजिन बंद असेल तर ट्रकच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. कारमध्ये ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं.

यातली गंमत अशी की आजच्या इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलमुळे पेट्रोल वाचतच नाही, उलट जास्त जातं. गिअरमध्ये उतरताना इंधन पूर्ण तुटतं. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतंच. हे डिस्प्लेने शिकवायला हवं होतं. पण ताशी ६० च्या वेगाने, तासाला ०.७ लिटर जळत असताना तो ८६ दाखवतो आणि गिअरमध्ये ९९.९. दोन्ही आकडे इतके भरघोस की चालकाला फरक कळतच नाही. ज्या एका जागी या आकड्याचा खरा उपयोग झाला असता, तिथेच तो मुका.

दुसरी बाजूही आहे आणि ती लहान नाही. इंधन वाचवणारं ड्रायव्हिंग पुष्कळदा सुरक्षित ड्रायव्हिंगच असतं: लांबवर पाहणं, अंतर राखणं, सिग्नल लाल दिसताच पाय उचलणं, उगाच न पळवणं. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनचा ताशी ४५ ते ५५ चा जुना सल्ला सुरक्षिततेच्या फलकावरही शोभला असता. ब्रिटनमध्ये ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘फूट-लाइट’ प्रकल्पात सिम्युलेटरवर पाहिलं, तेव्हा विचारपूर्वक आखलेल्या डिस्प्लेमुळे ड्रायव्हिंग सुधारलं आणि लक्ष फारसं विचलित झालं नाही. म्हणजे सगळा प्रश्न मांडणीचा आहे. काय दाखवायचं, कुठे, आणि मुख्य म्हणजे केव्हा.

अंकापेक्षा रंग बरा, कारण तो नजरेच्या कडेलाही कळतो. होंडाने स्पीडोमीटरभोवतीचं वलय हिरवं-निळं करायची युक्ती केली; आपल्याकडे सिटीतही ती आली. टीव्हीएस ज्युपिटर स्कूटरवर इको आणि पॉवर असे दोनच दिवे आहेत. दुचाकीवर तर हेच हवं, तिथे मान खाली घालणं म्हणजे खड्ड्याला आमंत्रण. गिअर बदला असं सांगणारा हिरवा बाणही चांगला, तो कामापुरता येतो आणि जातो. युरोपने २०१२ पासून नव्या मॉडेलच्या मॅन्युअल कारमध्ये तो सक्तीचा केला. निस्सानने २००८ मध्ये डोळ्यांना वगळूनच टाकलं. त्यांचं इको पेडल चालक जास्त दाबू लागला की तळपायाला उलट रेटतं. अर्थात गरज असेल तेव्हा चालकाने ते जुमानू नये, आणि त्याला तसं करताही येतं.

सगळ्यात चांगली वेळ मात्र प्रवास संपल्यानंतरची. एसटीच्या आगारात चालकांच्या बोलण्यात डिझेलचं ॲव्हरेज नेहमी असतं. गाडी किती किलोमीटर धावली आणि किती डिझेल भरलं, त्यावरून ते निघतं. चालकाला आकडा कळतो, पण स्टिअरिंग हातात नसताना. युरोपमध्ये २०२१ पासून प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल कारला आयुष्यभराचा इंधनखर्च आपल्या संगणकात नोंदवून ठेवावा लागतो. ती नोंद गुपचूप होते, समोर नाचत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांत हे प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे बॅटरी किती उरली आणि ती किती किलोमीटर पुरेल, हा आकडा खरोखर निर्णायक असतो. कोकणात उतरताना पुढचा चार्जर चाळीस किलोमीटरवर असेल तर त्याकडे पाहू नका, हे सांगणं निरर्थक. पण तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या सवयीवरून बांधलेला अंदाज असतो, म्हणून घाट उतरताना तो फुगतो आणि चढताना आटतो. त्याच्याकडे दर वळणावर पाहून चिंता वाढते, अंतर नाही. निघण्याआधी चार्जिंगचे थांबे ठरवून नकाशात टाकले की ते काम आटोपतं.

पेट्रोलच्या गाडीत तर उपाय पाच मिनिटांचा आहे. स्टिअरिंगवरचं किंवा मीटरवरचं बटण दाबत गेलं की चालू ॲव्हरेजचं पान जाऊन साधं किलोमीटरचं किंवा तापमानाचं पान येतं. तिथेच सोडून द्यायचं. ट्रिप ‘ए’ दर वेळी टाकी फुल करताना शून्य करायची, ट्रिप ‘बी’ एका सर्व्हिसिंगपासून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत चालू ठेवायची. खरं ॲव्हरेज पंपावर काढायचं, पहिल्या कटऑफला नोझल थांबवून, पावतीवरच्या लिटरने किलोमीटरला भागून. बऱ्याच गाड्यांत डिस्प्ले प्रत्यक्षापेक्षा थोडा उदार असतो, तेही त्यात कळतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी झाली आहे, त्यामुळे जुन्या पावत्यांशी तुलना करताना तेवढी सूट धरायची. त्याहून मोठी घट दिसली, तर आधी टायरमधली हवा तपासायची.